जुन्या मोटारीसाठी शॉक ॲब्सॉर्बरची निवड : प्रीमियर पद्मिनीच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शॉक ॲब्सॉर्बर, अवमंदन, निलंबन-रचना, प्रीमियर पद्मिनी, औद्योगिक वारसा.

प्रस्तावना :

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्या वेळी वृत्तपत्रांतून स्मरणरंजनपर लेखन पुष्कळ झाले. तथापि या घटनेची एक व्यावहारिक बाजू फारशी चर्चिली गेली नाही. टॅक्सींमुळे या गाडीच्या सुट्या भागांना जी अखंड मागणी होती, ती संपुष्टात आली. आता ज्यांच्याकडे घरगुती वापरातील पद्मिनी किंवा तिची पूर्वज फियाट ११०० आहे, त्यांना सुटा भाग बदलायचा झाल्यास केवळ दुकानात नाव सांगून भागत नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे स्वतः जाणून घ्यावे लागते.

ही अडचण शॉक ॲब्सॉर्बरच्या बाबतीत विशेष जाणवते. गॅरेजच्या बोलीत 'शॉकअप' म्हणून ओळखला जाणारा हा भाग झिजतो हळूहळू, त्यामुळे त्याचे बिघडणे चालकाच्या सवयीचे होऊन जाते. पुढे तो बदलण्याची वेळ आली, की 'जास्तीत जास्त कडक तो चांगला' किंवा 'महागडा तो उत्तम' या दोन समजुतींपैकी एक निर्णायक ठरते. जुन्या गाडीच्या बाबतीत या दोन्ही समजुती घातक ठरू शकतात. शॉक ॲब्सॉर्बर ही स्वतंत्र वस्तू नसून ती स्प्रिंग, वजन व सांगाडा यांच्याशी जुळवून घ्यावयाची जोड आहे, या सूत्राचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१) शॉक ॲब्सॉर्बरच्या कार्याची संकल्पना स्पष्ट करणे.
२) जुन्या गाडीसाठी पर्यायी शॉक ॲब्सॉर्बर निवडण्याचे निकष मांडणे.
३) उपलब्ध पर्यायांची गुणदोषांच्या आधारे तुलना करणे.
४) मूळ स्वरूपाचे जतन आणि सुरक्षितता यांतील समतोलाचा विचार करणे.

१. संकल्पना : भार कोण उचलतो, ऊर्जा कोण शोषतो?

'धक्का शोषणारा' या नावामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. खड्ड्यातून बसणारा धक्का प्रत्यक्षात स्प्रिंग झेलते आणि गाडीचे वजनही स्प्रिंगच पेलते. स्प्रिंग दबते तेव्हा ती ऊर्जा साठविते आणि उसळताना ती परत करते. ही देवघेव थांबविणारे कोणी नसेल, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वरखाली झुलत राहील. शॉक ॲब्सॉर्बरचे काम हे झुलणे, म्हणजे दोलन, आवरण्याचे आहे. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलातून सरकताना तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून जबरीने वाहते. त्यामुळे निर्माण होणाऱ्या विरोधातून गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. म्हणूनच शास्त्रीय परिभाषेत त्याला 'अवमंदक' म्हणणे अधिक समर्पक आहे.

अवमंदन किती असावे, हे अनुमानावर सोडण्याचे कारण नाही. गाडी एकदाही पलीकडे न झुलता शक्य तितक्या लवकर स्थिर व्हावी, यासाठी लागणाऱ्या अवमंदनास 'क्रांतिक अवमंदन' म्हणतात. स्प्रिंगची ताठरता व तिच्यावरील वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट, हे त्याचे सूत्र होय. प्रत्यक्षातील अवमंदनाचे क्रांतिक अवमंदनाशी असलेले प्रमाण म्हणजे अवमंदन गुणोत्तर. प्रवासी मोटारींत ते साधारणतः ०.२ ते ०.४ च्या दरम्यान ठेवले जाते. ते याहून फार वाढविल्यास गाडी स्थिर वाटते, परंतु रस्त्याचा प्रत्येक बारीक खडबडीतपणा आत पोहोचतो.

उदाहरणादाखल एका चाकावर २०० किलोग्रॅम वस्तुमान आहे आणि स्प्रिंगची ताठरता दर मीटरला १६,००० न्यूटन आहे असे मानू. येथे क्रांतिक अवमंदन सुमारे ३,६०० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर येते आणि ०.३ गुणोत्तरासाठी सुमारे १,१०० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर पुरेसे ठरते. अशी गाडी ५ सेंटिमीटर दाबून सोडली, तर ती समतोल स्थितीच्या वर सुमारे १.९ सेंटिमीटर जाईल, नंतर ०.७ सेंटिमीटर खाली येईल आणि जवळजवळ थांबेल. तोच शॉक ॲब्सॉर्बर झिजून गुणोत्तर ०.१ वर आले, तर ३.६ सेंटिमीटर वर, २.७ सेंटिमीटर खाली, पुन्हा १.९ सेंटिमीटर वर, असा क्रम चालू राहील. या झुलण्यात चाकाचा रस्त्यावरील दाब सतत कमीजास्त होतो. दाब कमी झालेल्या क्षणी ब्रेक लावला किंवा स्टिअरिंग वळविले, तर टायरची पकड अपुरी पडते. म्हणजेच अवमंदनाचा प्रश्न हा आरामापेक्षाही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आणखी एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. चाक वर येताना (दाब) आणि खाली जाताना (उसळी) असे दोन्ही वेळचे विरोध सारखे नसतात. उसळीचा विरोध सामान्यतः दाबाच्या दोन ते तीन पट ठेवला जातो, कारण दाबाच्या वेळी अधिक विरोध केल्यास धक्का थेट सांगाड्यात जातो, तर साठलेली ऊर्जा उसळीच्या वेळी सावकाश सोडविता येते.

२. रचनेची वाटचाल :

प्रारंभीच्या मोटारींत घर्षण-चकत्यांचे अवमंदक वापरले जात. त्यांचा दोष असा, की ते लहान हालचालीला अधिक अडवीत आणि मोठ्या हालचालीला अपुरे पडत. पुढे तेलावर चालणारे, दांडा फिरवून काम करणारे प्रकार आले. फोर्डच्या १९२७ नंतरच्या मॉडेल ए गाडीत हूडाय पद्धतीचे असे अवमंदक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, म्हणजे टेलिस्कोपिक, प्रकार सर्वत्र रूढ झाला.

या इतिहासाला आजही व्यावहारिक महत्त्व आहे. मॉरिस मायनर किंवा एमजीबी यांसारख्या ब्रिटिश गाड्यांत पुढील बाजूस दांड्याचा अवमंदक असून त्याचा दांडा हाच निलंबन-रचनेचा वरचा दुवा असतो. तो काढून टाकला तर चाकच निराधार होते. अशा गाडीत मूळ भागाचे पुनरुज्जीवन हाच सरळ मार्ग ठरतो. टेलिस्कोपिक प्रकार बसवावयाचा तर त्यासाठी स्वतंत्र जोडणी-संच लागतो. पद्मिनीच्या मालकाला ही अडचण नाही, कारण तिचे चारही शॉक ॲब्सॉर्बर टेलिस्कोपिक आहेत.

३. पद्मिनीची निलंबन-रचना व तिचे आजचे रूप :

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत असे. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आलेली ही गाडी पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. १,०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि सुमारे ९०० किलोग्रॅम वजन असलेल्या या गाडीत पुढील चाके स्वतंत्र असून त्यांना वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. मागे अखंड ॲक्सल व पाट्यांच्या कमानी आहेत. सांगाडा व शरीर एकसंध असल्याने शॉक ॲब्सॉर्बरचा वरचा आधार थेट पत्र्याच्या शरीरावरच येतो.

मागील पाट्यांमुळे अवमंदनाच्या गणितात एक वेगळी भर पडते. पाटे एकमेकांवर घासतात आणि हे घर्षण स्वतःच काही अवमंदन करते. पाटे गंजलेले असतील तर ते इतके जखडतात, की झिजलेला शॉक ॲब्सॉर्बरही ठीक वाटतो. उलट पाटे साफ करून ग्रीस लावल्यावर त्याच शॉक ॲब्सॉर्बरचा कमकुवतपणा एकाएकी उघड होतो.

आज उपलब्ध असलेली कोणतीही पद्मिनी कारखान्यातून निघाली तशी असण्याची शक्यता अल्प आहे. काहींत मागे जादा पाटा घातलेला असतो. काहींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते आणि तिचे वजन सर्वस्वी मागच्या कमानींवर येते. मूळच्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरऐवजी रेडियल टायर आलेले असतात. म्हणून निवडीचा आधार गाडीचे मूळ माहितीपत्रक एवढाच नसावा. समोर उभी असलेली गाडी हाही असावा.

४. निवडीपूर्वीचे निदान :

बोनेट किंवा डिकी दाबून गाडी किती वेळा झुलते ते पाहणे, ही सर्वपरिचित चाचणी प्राथमिक स्वरूपाची आहे. पाट्यांच्या घर्षणामुळे मागील बाजूस ती फसवी ठरू शकते. तिच्या जोडीला पुढील लक्षणे तपासावीत. नळीवर तेलाचा ओघळ असल्यास सील निकामी झाले आहे असे समजावे. मात्र केवळ पातळ ओलसर थर हा दोष नव्हे. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही लवकरच फाटेल. टायरच्या पृष्ठभागावर ठराविक अंतराने आलेले खोलगट चट्टे हे चाक रस्त्यावर उसळत असल्याचे चिन्ह होय. भाग सुटा करून उभा धरावा व हाताने सावकाश आतबाहेर करावा. विरोध अखंड जाणवला पाहिजे. मध्येच रिकामी जागा जाणवल्यास आत तेल कमी व हवा अधिक आहे.

तथापि गाडी डुलण्याचे कारण प्रत्येक वेळी शॉक ॲब्सॉर्बर हेच असेल असे नाही. फाटलेले बुश, बसलेली स्प्रिंग, तुटलेला पाटा, ढिली झालेली जोडणी यांपैकी काहीही त्यास कारणीभूत असू शकते. बसलेल्या स्प्रिंगवर नवा शॉक ॲब्सॉर्बर लावल्याने गाडीची उंची परत येत नाही. उलट दट्ट्या नळीच्या तळाशी आपटून नवा भागही अल्पावधीत निकामी होतो. म्हणून स्प्रिंग व बुश आधी आणि शॉक ॲब्सॉर्बर नंतर, हा क्रम पाळला पाहिजे.

५. निवडीचे निकष :

(अ) लांबी व धाव : पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली अशा दोन्ही लांब्या महत्त्वाच्या असतात. गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण भार असताना आणि ॲक्सल लोंबता असताना, वरच्या व खालच्या जोडणीतील अंतर मोजावे. ॲक्सल बम्प रबरावर टेकण्यापूर्वी शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण मिटता कामा नये, तसेच चाक लोंबताना सर्व भार त्याच्या दांड्यावर येता कामा नये. दोन्ही टोकांस सुमारे १ ते २ सेंटिमीटर शिल्लक असणे इष्ट. उभ्या गाडीत दट्ट्या नळीच्या साधारण मध्यावर असावा.

(आ) जोडणी : टोकाला डोळा आहे की आटे असलेला दांडा, बुशचे आतील माप किती, बोल्टची जाडी किती, हे जुळले पाहिजे. 'थोडे घासून बसवू' ही तडजोड येथे धोक्याची आहे, कारण ढिल्या जोडणीत पहिल्या काही मिलिमीटरची हालचाल अवमंदनाविनाच होते.

(इ) अवमंदनाचे बल : दोन शॉक ॲब्सॉर्बर मापाने अगदी सारखे असून आतील झडपांमुळे संपूर्ण भिन्न वागू शकतात. अन्य गाडीचा भाग निवडताना ती गाडी वजनाने, स्प्रिंगच्या ताठरतेने आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या कलाने जवळची आहे काय, हे पाहावे. भाराचाही विचार करावा लागतो. वरील उदाहरणात मागे प्रवासी बसून वस्तुमान २०० वरून ३०० किलोग्रॅम झाले, तर तोच शॉक ॲब्सॉर्बर ०.३० ऐवजी सुमारे ०.२५ गुणोत्तर देतो. ज्या गाडीत नेहमी चार-पाच माणसे बसतात आणि जी रविवारी एकटा चालक फिरवितो, त्या दोघींची गरज एक नव्हे.

(ई) तेल की वायू : साध्या दुहेरी नळीच्या प्रकारात तेलावर हवेचा थर असतो. घाटातील लांब खडबडीत रस्त्यावर हवा तेलात मिसळून फेस होतो आणि विरोध घटतो. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेल्या दुहेरी नळीच्या प्रकारात हे प्रमाण कमी होते. एकेरी नळीच्या प्रकारात वायू व तेल यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असून वायूचा दाब २० ते ३० बार इतका असतो. तो उष्णता चांगली बाहेर टाकतो, परंतु त्याचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो. ११ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर २५ बार दाबामुळे सुमारे २४० न्यूटन, म्हणजे सुमारे २४ किलोग्रॅम भाराइतके बल सतत बाहेरच्या दिशेने लागते. वरील उदाहरणातील ताठरतेच्या स्प्रिंगवर त्यामुळे गाडी सुमारे १५ मिलिमीटर उचलली जाऊ शकते. ५ बारच्या प्रकारात हीच उचल सुमारे ३ मिलिमीटर येते. मऊ स्प्रिंगांच्या हलक्या जुन्या गाडीत हा फरक नजरेस येण्याजोगा असतो. शिवाय एकेरी नळीत बाहेरच्या नळीला पोचा पडल्यास दट्ट्या अडकतो. दुहेरी नळीत तो धोका कमी असतो.

६. पर्यायांची तुलना :

पहिला पर्याय जुन्या पण न वापरलेल्या मूळ मालाचा. कुर्ला येथील सुट्या भागांच्या बाजारात किंवा जुन्या दुकानांच्या मागच्या फळीवर असा माल अधूनमधून मिळतो. त्याचे बाह्यरूप आकर्षक असले, तरी रबराचे सील वापराविनाही कडक होते. कित्येक दशके फळीवर आडवा पडलेला भाग 'नवा' असतो तो केवळ कागदावर. तो हाताने चालवून पाहिल्याशिवाय आणि काही दिवस गळतीवर लक्ष ठेवल्याशिवाय विश्वासास पात्र ठरत नाही.

दुसरा पर्याय मूळ भागाच्या पुनरुज्जीवनाचा. ज्याचे तोंड आट्यांनी बंद केलेले आहे, तो खोलून सील व तेल बदलता येते. पत्रा दाबून बंद केलेला प्रकार कापून पुन्हा जोडावा लागतो आणि त्याची खात्री कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून राहते. विरोध वाढविण्यासाठी दाट तेल भरण्याची प्रथा मात्र टाळावी. दाट तेलाने दाब व उसळी या दोहोंचा विरोध एकदम वाढतो, त्यांचे प्रमाण झडपांनीच ठरते. शिवाय सकाळच्या गारव्यात गाडी कडक आणि उन्हात सैल वाटू लागते.

तिसरा पर्याय त्याच मापात नव्याने बनविलेल्या साध्या तेलाच्या किंवा कमी दाबाच्या वायूच्या शॉक ॲब्सॉर्बरचा. सर्वसाधारण वापरासाठी तो सर्वांत समतोल ठरतो. चौथा पर्याय विरोध कमीजास्त करता येणाऱ्या प्रकाराचा. कोनीसारख्या उत्पादकांचे असे भाग जुन्या गाड्यांच्या क्षेत्रात परिचित आहेत. त्यांचा खरा लाभ गाडी कडक करण्यात नसून, झिजलेल्या वा बदललेल्या स्प्रिंगशी अवमंदन जुळवून घेण्यात आहे.

पाचवा व सर्वाधिक प्रचलित पर्याय अन्य गाडीचा भाग 'बसवून' घेण्याचा. वरील चारही निकष पूर्ण झाल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु जड गाडीचा कडक भाग हलक्या गाडीत घातल्यास प्रत्येक धक्क्याचे बल पत्र्याच्या वरच्या आधारावर जाते. पन्नास वर्षांच्या, आतून गंजलेल्या पत्र्यात तेथूनच तडा जातो. शॉक ॲब्सॉर्बर पुन्हा विकत घेता येतो. मूळ सांगाडा नाही.

७. मूळ स्वरूप आणि कायदा :

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. अशी नोंदणी १० वर्षांसाठी असून तिचा नियमित वा व्यावसायिक वापर करता येत नाही. साठच्या दशकातील डिलाइट या मर्यादेपलीकडे गेल्या आहेत आणि सुरुवातीच्या पद्मिनीही आता तेथे पोहोचत आहेत.

यातून एक तत्त्व हाती येते. बोल्टने लागणारा व बोल्टने निघणारा भाग बदलल्याने गाडीचा वारसा नष्ट होत नाही. नवा आधार वेल्ड करण्यासाठी पत्रा कापला, तर मात्र हा फेरबदल सांगाड्यातला होतो आणि तो परत फिरविता येत नाही. म्हणून मूळ जोडणीत बसणारा भाग निवडावा आणि काढलेले जुने भाग नोंद करून जपून ठेवावेत.

८. बसविताना घ्यावयाची काळजी :

शॉक ॲब्सॉर्बर एका ॲक्सलवर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा व एक जुना असल्यास ब्रेक लावताना गाडी असमान वागते. दुहेरी नळीचा, वायूविरहित भाग उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण आतबाहेर करावा, म्हणजे आडव्या साठवणीत आत शिरलेली हवा निघून जाते. हा प्रकार उलटा बसवू नये. रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबत असताना अखेरचे आवळू नयेत. गाडी जमिनीवर उभी करून आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते.

निष्कर्ष :

१) शॉक ॲब्सॉर्बर भार उचलत नाही, तो दोलन आवरतो, म्हणून त्याची निवड स्प्रिंग व वस्तुमान यांच्या संदर्भातच करावी लागते.
२) लांबी, जोडणी, अवमंदनाचे बल आणि वायूचा दाब या चार निकषांपैकी एकही गृहीत धरता येत नाही.
३) पद्मिनीसारख्या हलक्या, मागे पाटे असलेल्या गाडीसाठी मूळ मापाचा, मध्यम विरोधाचा, साध्या तेलाचा किंवा कमी दाबाच्या वायूचा शॉक ॲब्सॉर्बर बहुतांशी योग्य ठरतो.
४) आवश्यकतेहून कडक भाग गाडीच्या वयोवृद्ध पत्र्यावर भार टाकतो, तर झिजलेला भाग प्रवाशांच्या सुरक्षिततेवर.

ज्या गाडीने महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना प्रवास घडविला, ती केवळ प्रदर्शनात उभी राहावी की रस्त्यावरून सुरक्षितपणे चालत राहावी, हे अखेर अशाच लहान निर्णयांवर अवलंबून आहे. असे निर्णय ऐकीव समजुतींवर न सोडता मोजपट्टी व थोड्या गणिताच्या आधारे घेणे, हे औद्योगिक वारशाच्या जतनाचेच एक अंग मानावे लागेल.